घसरण अभ्यास समिती

"निळ्या सदऱ्यातला एक मुलगा सापडला आहे. रडत नाही. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावे. दरम्यान आपल्या संघाने गोल केला आहे."

मैदानावरच्या भोंग्यातून आलेला हा आवाज अप्पांच्या कानात अजून ताजा आहे. हरवलेलं मूल असो, झालेला गोल असो, की दारातल्या सायकली बाजूला घेण्याची विनंती असो, तो निवेदक सगळं एकाच चालीवर सांगायचा. निळ्या सदऱ्यातला मुलगा म्हणजे अप्पाच. वडील गोलाच्या आनंदात शेजाऱ्याच्या गळ्यात पडलेले होते, त्यामुळे मुलगा हरवल्याचंही त्यांना कळलं नाही आणि सापडल्याचंही. घरी परतताना त्यांनी अप्पांना खांद्यावर घेतलं आणि सगळा सामना पुन्हा सांगितला. अप्पा हॉकीचे झाले ते त्या दिवसापासून.

आता अप्पांचं फर्निचरचं दुकान आहे, डोक्यावर टक्कल आहे आणि संघ हरतो आहे.

गेल्या हंगामाच्या अखेरीला संघ थोडासा हरला होता, म्हणजे अगदी लाजत लाजत. खेळ म्हटला की असं होतंच, असं म्हणून एखाद्या बेजबाबदार गावाने ते सोडून दिलं असतं. इथे मात्र हॉकीप्रेमी मंडळ होतं. संघ मंडळाचा, प्रशिक्षकाची नेमणूक मंडळाची आणि काळजीही मंडळाचीच. मंडळाने ताबडतोब 'घसरण अभ्यास समिती' नेमली. बैठकीची जागा अप्पांचं दुकान ठरली, कारण एवढे सोफे दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हते. ज्याच्या जागेत बैठक तो अध्यक्ष, या न्यायाने अप्पा अध्यक्ष झाले. भूगोलाच्या बाई सचिव झाल्या, कारण त्यांच्याकडे पेन होतं. दातांचे डॉक्टर प्रमुख वक्ते झाले. समोरच्याला तोंड उघडू न देता बोलण्याची त्यांना व्यवसायामुळे सवय होती. आणि तांत्रिक सल्लागार म्हणून 'राखीव' आले. ऐन तरुणपणी त्यांची संघात राखीव खेळाडू म्हणून निवड झाली होती आणि अख्खा हंगाम त्यांनी बाकावर बसून काढला होता. मैदानाच्या इतक्या जवळ समितीतलं दुसरं कोणीच गेलेलं नव्हतं.

आता यात एक घरगुती अडचण होती. प्रशिक्षक हा अप्पांचा जावई.

मुलगा गुणी, कमी बोलणारा. सासऱ्यासमोर तर त्याहून कमी. दूरच्या एका शहरातल्या संघाचं त्याला बोलावणं आलेलंच होतं; इथलं पद गेलं की तो बिऱ्हाड हलवणार हे ठरल्यासारखं होतं. म्हणजे लेक जाणार. आणि नात जाणार, जी रोज संध्याकाळी दुकानातल्या लाकडी घोड्यावर बसून अप्पांना "तिकीट दाखवा" म्हणायची. घोड्यावर तिकीट कसलं, असं अप्पांनी तिला कधी विचारलं नाही. ते निमूटपणे खिसे चाचपत, एखादी चिठोरी काढत आणि ती तपासून होईपर्यंत अदबीने उभे राहत. घोड्याला गिऱ्हाईक आलं की अप्पा त्याच्यात नसलेली वाळवी दाखवत.

असा माणूस अध्यक्ष असल्यावर लोक काय म्हणतील? जावयाला पाठीशी घालतो म्हणतील. म्हणून अप्पांनी पहिल्या दिवसापासून निःपक्षपातीपणा आरंभला. डॉक्टर म्हणाले, प्रशिक्षकाला समज द्यावी, तर अप्पा म्हणाले, लेखी द्यावी. राखीव म्हणाले, नव्या हंगामानंतर बघू, तर अप्पा म्हणाले, हंगाम संपायची वाट कशाला? प्रत्येक वेळी सभासद टाळ्या वाजवत आणि अप्पा लाकडी घोड्याकडे बघत.

बैठक केव्हा घ्यावी, यावर मात्र बराच खल झाला. सामन्यानंतर घेतली तर सगळे भुकेलेले आणि चिडलेले असतात. सामन्याआधी घेतली तर चर्चा ऐन रंगात असताना उठावं लागतं. मधल्या वारी कोणाला दुकान असतं, कोणाला शाळा. शेवटी बाईंनीच तोड काढली. रविवारी दुपारी सामन्याच्या वेळेला सगळ्यांना सवड असते, कारण सामन्यासाठी प्रत्येकाने आपली कामं आधीच बाजूला ठेवलेली असतात. तेव्हा बैठक त्याच वेळेला घ्यावी. हा ठराव इतका सोयीचा होता की त्यावर कोणाला बोलायला जागाच उरली नाही.

नवा हंगाम सुरू झाला. रविवार आला की अप्पा टोपी घालत, दुर्बीण गळ्यात अडकवत आणि "सामन्याला जातो" असं घरात सांगून दुकानात जात. बाकीचेही तसेच येत. कोणाच्या खांद्यावर संघाचा झेंडा, कोणाच्या हातात शिट्टी. मैदानाचा राखणदार निकाल फोनवर कळवी. संघ हरलेला असे. समिती मान डोलावत असे, कारण तिचा अभ्यास बरोबर दिशेने चालला होता.

लवकरच पुराव्यांची गरज भासू लागली. अनुमानावर विसंबणं समितीला मान्य नव्हतं. त्यामुळे खेळाडूंना साक्षीसाठी संध्याकाळी, म्हणजे सरावाच्या वेळी, बोलावण्यात येऊ लागलं. गोलरक्षकाला दोन कपाटांच्या मध्ये उभं करून डॉक्टरांनी छत्रीच्या मुठीने त्याच्याकडे चेंडू मारले. त्याने ते सगळे अडवले. यावरून समितीने निष्कर्ष काढला, की गोलरक्षकाला चेंडू अडवता येतो. मैदानावर तो अडवत नाही, त्याअर्थी कोणीतरी त्याचं मन खचवलेलं आहे. आणि मन खचवण्याइतका सहवास त्याला फक्त प्रशिक्षकाचा आहे. आघाडीच्या फळीला तर विचारायचे इतके प्रश्न होते की तिच्यासाठी वेगळी उपसमिती नेमावी लागली. सराव कमी पडतो अशी तक्रार फळीने केली, तेव्हा त्या तक्रारीचा तपशील घेण्यासाठी फळीला आणखी काही संध्याकाळी बोलावण्यात आलं.

संघ अधिकच हरू लागला. आता मात्र गप्प बसण्यात अर्थ नव्हता. समितीने प्रशिक्षकाला नोटीस बजावली, की घसरणीबाबतच्या प्रत्येक बैठकीला त्याने जातीने हजर राहावं, गैरहजेरी ही कर्तव्यात कसूर मानली जाईल, आणि विचारलेल्या प्रश्नाला होय किंवा नाही एवढंच उत्तर द्यावं.

जावई आला. दर रविवारी वेळेवर येऊन तो दारालगतच्या स्टुलावर बसे, कारण आरोपीने सोफ्यावर बसावं की नाही यावर एकमत झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो चुकून "अप्पा" म्हणाला, तेव्हा अप्पांनीच हरकत घेतली आणि तो शब्द कामकाजातून काढून तिथे "अध्यक्ष महोदय" घालण्यात आलं.

मग एका संध्याकाळी, जावयाच्या समोरच, कर्णधाराची साक्ष झाली. सामन्याच्या वेळी प्रशिक्षक काय सूचना देतात, असं त्याला विचारण्यात आलं. कर्णधार प्रामाणिक मुलगा. तो म्हणाला, अलीकडे सामन्यात सर एक शब्दही बोलत नाहीत. मध्यंतरातसुद्धा नाही.

कोणीतरी सोफ्यावर सरकलं, तशी त्यावरची प्लास्टिकची खोळ करकरली.

"हे खरं आहे का?" डॉक्टरांनी जावयाला विचारलं.

"होय," जावई म्हणाला.

पुढे त्याने तोंड उघडलं होतं, पण बाईंनी नियमाकडे लक्ष वेधलं. होय हे उत्तर पूर्ण होतं.

एवढ्या गंभीर कबुलीनंतर बडतर्फीचा ठराव येणं ओघानेच आलं. समितीत तोवर दोन पक्ष पडले होते. सोफ्यावर बसणारे बडतर्फीच्या बाजूचे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसणारे विरोधातले. मुद्दा प्रशिक्षकाचा कमी आणि टेकायला मिळण्याचा जास्त होता, असं काही कुजकट लोक म्हणत. सोफ्यांचं बहुमत निर्विवाद होतं. पण मतदानाच्या आदल्याच दिवशी एका नवविवाहित जोडप्याने तीन जणांचा सोफा पसंत केला आणि हमालांनी तो टेंपोत चढवला. रविवारी येऊन पाहतात तो राखीव आणि आणखी दोघे खुर्च्यांवर. खुर्चीवर बसताच राखीवांना प्रशिक्षकाच्या बाजूचे बरेच मुद्दे आठवले.

मतदान सुरू व्हायच्या आधी मागच्या दाराने लेक आली. नात बरोबर होती. ती सरळ घोड्यावर जाऊन बसली. लेक गेले काही दिवस अप्पांशी कामापुरतंच बोलत होती, डबा पाठवत होती, पण त्याबरोबरचा निरोप पाठवत नव्हती. आत्ताही ती सभासदांकडे न बघता अप्पांपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, मोठी खोकी आहेत का रिकामी? भांडी भरायला हवी होती."

फर्निचरच्या दुकानात खोक्यांना काय तोटा. अप्पांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लेकीने त्यातली चांगली, न फाटलेली निवडली, दाबून पाहिली आणि एकात एक घातली. ती लहान असताना याच कोपऱ्यात अशाच खोक्यांची घरं करून बसायची, आणि जेवायला हाक मारली की खोक्यातून उत्तर यायचं, घरात कोणी नाही म्हणून. अप्पांना घसा खाकरावा लागला. बाईंनी तो बैठकीला सुरुवात झाल्याचा इशारा समजून कामकाज पुकारलं.

मतदानाची पद्धत बाईंनी मोठ्या काळजीने आखलेली होती. उद्या कोणी बोट दाखवायला नको, म्हणून प्रत्येकाने उभं राहून आधी "मी स्वतः पाहिलेल्या सामन्यांच्या आधारे" असे शब्द उच्चारायचे आणि मग मत द्यायचं. ज्याला हे शब्द म्हणता येणार नाहीत त्याचं मत बाद.

डॉक्टर उठले, स्वतः पाहिलेल्या सामन्यांच्या आधारे बडतर्फीच्या बाजूने मत देऊन बसले. राखीव उठले, स्वतः पाहिलेल्या सामन्यांच्या आधारे विरोधात मत देऊन बसले. एकामागून एक सगळे उठले. शाळेतली प्रार्थना म्हणावी तसे ते शब्द दुकानभर फिरले. कोणाचीही जीभ अडखळली नाही. बाईंनी मोजदाद केली आणि चष्मा वर सारला. मतं समसमान पडली होती. निर्णायक मत अध्यक्षांचं.

इथे थोडं थांबायला हवं. या संघाचा एकही सामना तुम्ही पाहिलेला नाही. या प्रशिक्षकाने कोणाला कुठे खेळवलं, पेनल्टी कॉर्नर कोणाकडून मारून घेतला, तुम्हाला ठाऊक नाही. तरी त्याला ठेवावं की काढावं, याबद्दल तुमचं मत एव्हाना झालेलं आहे. राहू द्या. समितीत एक सोफा अजून शिल्लक आहे.

अप्पा उभे राहिले. सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. निःपक्षपाती माणूस काय करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जावयालाही माहीत होतं, त्याने स्टुलावरून नजर खाली वळवली होती. लेक खोकी छातीशी धरून दाराशी थांबली होती.

"मी," अप्पा म्हणाले. "मी स्वतः पाहिलेल्या."

पुढचा शब्द येईना. बाईंनी हळूच तो सुचवला. अप्पांनी मान हलवली. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली.

"मी यंदा एकही सामना पाहिलेला नाही," ते म्हणाले. "दर रविवारी मी इथे असतो. घरी सांगतो सामन्याला जातो, आणि इथे येऊन बसतो. संघ कसा खेळतो, मला माहीत नाही."

ही गोष्ट तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होती. दर रविवारी सगळे एकमेकांच्या समोरच तर बसत होते. पण माहीत असणं वेगळं आणि कामकाजात येणं वेगळं. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. राखीवांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. बाई मात्र पद्धतीच्या पक्क्या. समोर विधान आलं की त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

"यंदा एकही सामना पाहिलेला नाही. सूचक अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "अनुमोदन?"

आधी राखीवांचा हात वर गेला. मग खुर्च्यांवरचे, मग सोफ्यांवरचे एकेक करून. सर्वांत शेवटी डॉक्टरांचा, तोही कोपरापासूनच. बाईंनी डाव्या हातात पेन घेतलं आणि उजवा हात वर केला. समितीच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव होता. नियमाप्रमाणे सगळी मतं बाद झाली आणि प्रशिक्षक राहिला. कोपऱ्यातल्या टेबलावर फोन वाजू लागला. राखणदार असणार, निकाल सांगायला. उचलायला कोणी गेलं नाही. लेकीने खोकी हळूच जमिनीवर ठेवली.

तेवढ्यात दाराशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. जावई उभा होता.

"अप्पा," तो म्हणाला, आणि या वेळी त्या शब्दाला कोणी हरकत घेतली नाही, "माझाही हात धरा. नोटीस आल्यापासून मी तरी सामना कुठे पाहिलाय? मी इथेच होतो, या स्टुलावर. कर्णधार म्हणाला ते खरं आहे, मी सामन्यात एक शब्द बोलत नाही. मैदानावर असतो तर बोललो असतो."

बाईंनी त्याचा हात मोजला. मग पेन उजव्या हातात घेऊन त्यांनी सगळ्या दुकानावरून नजर फिरवली, सोफे, खुर्च्या, घोडा, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे इतका वेळ तुम्ही सगळं ऐकत उभे होतात.

"आणखी कोणी?" त्यांनी विचारलं.