भुईमुगाचें बियाणें आणि दरबारची पारख

श्रीभूमातेचे चरणीं दंडवत घालोन आणि स्वतःचे कपाळीं हात मारोन हें वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके सतराशें एक, विकारी नाम संवत्सरीं, एका राज्यांत (नांव लिहीत नाहीं, लिहितां लाज वाटते) भुईमूग उगवेनासा जाहला. दाणा दिसावयास टपोरा, गुलाबी, आणि भुईंत घातला म्हणजे कोंब वांकडा येई अथवा येतच नसे. मग दरबारांत खल जाहला, आणि कारभारी विसाजीपंतांनीं आधीं मुंग्यांस दोष दिधला, मग पांखरांस, मग पेरणाऱ्या बायांचे हातांस, आणि हुकूम केला कीं बियाणें रुप्याच्या तबकांत घोळून आणिक गोजिरें निवडावें. दाणा फोडून पाहावा ऐसें कोणाचे मनांत येईना, कारण सरकारी बियाण्यास नख लावणें त्या राज्यांत अपशकुन मानीत. सारी पारख बाहेरून, बसल्या जागीं, विडा चघळीत. धन्य! इतक्यांत सोनखेडीच्या पाटलीण गोजराबाई दरबारीं आल्या आणि बोलिल्या, "पंत, दोन सालें तुमचें गोंडस बियाणें पेरलें, रान उघडें पडलें. आतां घरचें टोपलीभर उरलें आहे. हेंही गेलें तर गांवानें काय ढेकळें खावीं?" तेव्हां राजवैद्य नरहरभट तेथें होते, स्वभावें मोठे तापट, त्यांनीं तबकांतील दाणा उचलून भर दरबारीं दातांनीं फोडिला. सभा हायहाय करूं लागली. आंत दाणा पोकळ आणि तांबूस. वैद्य बोलिले, "सरकार, मायच उपाशी, तर लेंकरूं धडधाकट कोठून निघेल? जमिनींतला टाकणखार सरला आहे. सोनार दागिना जोडतांना घालतात तोच. बिघ्यास शेर-दोन शेर राखेंत कालवून फेंका, दाणा भरेल. पण जास्त नको! जास्त जाहला तर पीक जळेल."

महाराजांस उपाय मानवला. पण पंत म्हणाले, "शेर-दोन शेर? भिक्षा घालतों कीं काय? सरकारांतून मणाखालीं देणें जात नाहीं." आणि गाड्या भरल्या आणि वाजंत्री लागली आणि बिघ्याबिघ्यास मण मण टाकणखार ओतिला. वैद्य ओरडत राहिले, आणि त्या वाजंत्र्यांत ऐकतो कोण! मग पानांच्या कडा करपल्या आणि पीक उभ्या जागीं वाळलें. गोजराबाईंनीं मात्र गाडी वेशीवरोन परतविली. "मला वैद्यबुवांनीं सांगितलें तितकेंच पुरे, वाजवायचें तें पलीकडच्या गांवीं वाजवा," ऐसें म्हणोन टोपलीभर बियाणें मापल्या खारावर पेरिलें, आणि पुढील सालीं त्याचेंच पुन्हा पेरिलें. दाणा ऐसा भरला कीं मुठींत जड लागे. अवघ्या राज्यांत पेरण्याजोगें बियाणें तेवढेंच.

मग सरकारस्वारी आली आणि तें बियाणें नेलें. बाई म्हणाल्या, "न्या, पण पेरणीआधीं माझ्या गांवाचा वांटा परत द्या." महाराजांनीं शब्द दिधला. आणि येथें वाचणारांनीं मन घट्ट करावें, कारण विसाजीपंतांस शहाणपण आलें! "मागें न फोडितां फसलों," म्हणाले, "आतां एकही दाणा फोडून पाहिल्यावांचोन पेरूं नये." मग कारकून बसले आणि अडकित्ते आले आणि गोणीमागून गोण फोडिली. प्रत्येक दाणा आंत पांढरा, भरीव, निर्दोष, आणि प्रत्येकास "उत्तम! उत्तम!" ऐसा गजर. अरे, फोडिला दाणा उगवेल कैसा? वैद्य धांवत आले, तों शेवटची गोण डाळ होऊन पडली होती. ते त्या ढिगांत सबंद दाणा धुंडीत बसले.

पेरणीस गोजराबाई वांटा न्यावयास आल्या. त्या डाळीचे लाडू वळले होते, पंतांनीं एक त्यांच्या हातीं ठेविला आणि म्हणाले, "पाहा बाई, एकही पोकळ नाहीं." बाईंनीं लाडू तबकांत परत ठेविला, रिकामें पोतें झटकून खांद्यावर टाकिलें आणि निघून गेल्या.

सारांश, त्या सालीं बियाणें निर्दोष ठरलें आणि रान पडीक राहिलें. लिहिणाराचें डोकें दुखतें, सबब येथें थांबतों.