घाण्याचं तेल

गौरीनं मल्लखांबाच्या निवडचाचणीसाठी ऑरगॅनिक खायचं ठरवलं आणि श्रीधररावांच्या घरातून शेव हद्दपार झाली. शेवेशिवाय पोहे म्हणजे उज्जैनच्या माणसाला शिक्षाच. पण लेकीला साथ म्हणून त्यांनी भर जेवणात शब्द देऊन टाकला होता.

"तुझं सिलेक्शन होईपर्यंत मीही तेच खाणार, बेटा. एकदम पक्का!"

तेव्हापासून ते टावर चौक टाळून लांबच्या रस्त्यानं घरी येत. तिथल्या कचोरीच्या कढईपुढे पाय जड व्हायचे. घरी बिनफोडणीची लौकी, म्हणजे नुसता उकडलेला दुधी, गिळताना त्यांना खरोखर भरून यायचं.

"अहो, जेवताना उसासे कसले टाकता?" मंगलाबाई विचारत.

"मी कुठे काही बोललो?"

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी महाकालाला गेल्या. घरात उरले श्रीधरराव, कांदे आणि बेसन. उद्या सुटकाच आहे, मग एक दिवस इकडेतिकडे झालं तर कुठे बिघडलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि फळीवरची बाटली कढईत रिकामी केली. प्लास्टिक वाईट म्हणून गौरीनं घरातली सगळी तेलं एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरली होती. हे तेल जरा घट्ट होतं, वासही उग्र येत होता. पण जे घशाखाली उतरत नाही तेच ऑरगॅनिक, एवढं ज्ञान त्यांना एव्हाना झालं होतं.

"घाण्याचं असंच असतं," असं म्हणत त्यांनी ताटभर भजी फस्त केली.

घरी येताच गौरी फळी धुंडाळू लागली. "आई, मल्लखांबाला चोळायचं एरंडेल कुठे गेलं? फुल बाटली होती यार!"

श्रीधररावांचा हात आपसूक पोटावर गेला. "मी... मी आणतो ना फ्रीगंजच्या बाजारातून. टेन्शन नको घेऊ."

ते चालत गेले. येताना मात्र रिक्षा करावी लागली.

सकाळी इस्त्रीचा कुडता खुंटीवरच राहिला.

"अहो, निघायचं ना?" मंगलाबाईंनी संडासाचं दार वाजवलं.

"तुम्ही व्हा पुढे!"

मंगलाबाईंनी चाचणीच्या ठिकाणाहून व्हिडिओ कॉल लावला, पण चित्र अडकलं आणि नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. श्रीधररावांना रडूच फुटलं. लहानपणापासून तिला पहाटे आखाड्यात त्यांनीच नेलं होतं, आणि आज तिला खांबावर चढताना पाहायचं राहिलं ते ताटभर भज्यांपायी.

दुपारी पुन्हा तेच दार वाजलं.

"बाबा, झालं सिलेक्शन! तुमचं व्रत सुटलं. टावर चौकातली कचोरी आणलीय, गरमागरम, डबल शेव!"

दाराच्या फटीतून वास आत आला. श्रीधररावांनी डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला.

"शाब्बास, बेटा. तू खा," ते खोल आवाजात म्हणाले. "आणि आईला विचार, कालची लौकी उरलीय का थोडी?"