प्रसिद्धीच्या खात्यातला फ्रिज

आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज सोमवारी सकाळी खोकला, दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाला. सिस्टरनी झाकण उघडून आतला थर्मामीटर पाहिला, लसी बर्फाच्या शीतपेटीत हलवल्या आणि बाह्या सावरत थेट लिपिकाच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

लिपिक म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. घरी ते भाऊजी, केंद्रात सगळ्यांचे ‘नियमभाऊ’. माणूस निर्मळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्यांना घडवलं त्या वर्षी देवाकडची विनोदबुद्धीची तरतूद संपली असावी.

“भाऊजी, फ्रिज बसला. गुरुवारी बाळांना लस द्यायची आहे. मेकॅनिकला बोलवा.”

“दुरुस्तीचे पैसे संपले, वहिनी. छप्पर गळलं त्यात गेले.”

“मग दुसऱ्या खात्यातले घ्या.”

“असं कसं घेता येईल? सरकारनं ज्या कामाला दिलेत त्याच कामाला लावायचे. प्रसिद्धीच्या खात्यात मात्र भरपूर पडलेत. वर्ष संपायच्या आत खर्च नाही केले तर परत जातील. फलक करा, भिंती रंगवा, काय हवं ते करा.”

“आणि बाळांना काय फलक टोचू?”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. वरच्या कार्यालयाला त्यांनी फोन करून पाहिला होता. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मागणी नोंदवा, असं गोड उत्तर मिळालं होतं. “बर्फावर उद्यापर्यंत निभेल,” त्या म्हणाल्या. “पुढं लसी खराब होतील. आणि हात हलवत परत पाठवलेल्या आया पुन्हा येत नाहीत.”

सिस्टरचा संताप त्यावर उतू गेला. “मग एक करा ना भाऊजी. फ्रिजवरच लिहून टाका, ‘बाळाला लस द्या’. झाला तो फलक. आता फलक बंद पडला तर चालू करायला नको?”

डॉक्टरीणबाई हसल्या. नियमभाऊ हसले नाहीत. त्यांनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ बोट फिरवून वाचलं, “‘प्रसिद्धीचे साहित्य तयार करणे व सुस्थितीत ठेवणे.’ बसतं, वहिनी. नियमात बसतं.”

“अहो, मी चेष्टा केली.”

“असेल. पण बसतं.”

दुपारी पेंटर आला. गुटगुटीत बाळ काढायचं ठरलं, पण समोर बघायला बाळ नव्हतं. समोर नियमभाऊ बसले होते. पेंटरनं त्यांच्याकडे बघत बघत चित्र पुरं केलं. बाळ छान गुबगुबीत झालं, फक्त ते कुणाचा तरी अर्ज नाकारणार असल्यासारखं दिसत होतं.

सिस्टर लांबून, जवळून पाहून म्हणाल्या, “सासूबाईंना दाखवायला हवं. भाऊजी लहानपणी अगदी असेच होते म्हणतात.”

मंगळवारी मेकॅनिकनं कॉम्प्रेसर बदलला. नियमभाऊंनी बिलावर खरं तेच लिहिलं, ‘प्रसिद्धी साहित्य, पेटीच्या आकाराचे, आतून थंड’. फ्रिज समाधानानं गुरगुरू लागला, लसी आत गेल्या आणि सिस्टरनी दिराला घरून आणलेल्या डब्यातला मोठा वाटा दिला.

बुधवारी प्रसिद्धी अधिकारी जीपमधून उतरले. हे आतून थंड साहित्य त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. फ्रिजभोवती ते फिरले, बाळाकडे पाहिलं, नियमभाऊंकडे पाहिलं, पुन्हा बाळाकडे पाहिलं.

“कल्पना झकास आहे,” ते म्हणाले. “पण हे लसीच्या खोलीत का ठेवलंय? इथं येतो तो लसीसाठीच येतो. जाहिरात लोकांत गेली पाहिजे. उद्या बाजारात लावा.”

“उद्या लसीकरण आहे, साहेब,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग फ्रिज म्हणून दाखवा. पण मग प्रसिद्धीतनं पैसे कसे दिले, ते लिहून द्यावं लागेल.”

डॉक्टरीणबाईंनी नियमभाऊंकडे पाहिलं. नियमभाऊंचा चेहरा प्रथमच बाळाइतका गोल झाला. “साहेबांचं बरोबर आहे, मॅडम. नियमात बसतं.”

गुरुवारी सकाळी लसी पुन्हा शीतपेटीत गेल्या आणि फ्रिज टेम्पोत चढला. मेकॅनिकनं बजावलं होतं की हलवल्यावर तासभर तरी लावू नका, त्याला धाप लागते. म्हणून बाजारात पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर त्याला निजलेल्या बाळासारखं न हलवता उभं ठेवलं. गिरणीवाल्यानं वीज द्यायचं कबूल केलं, मात्र विचारून घेतलं, “दळण चालू असताना दिवे मिणमिणले तर बाळ रडणार नाही ना?”

इकडे केंद्राच्या दारात आया जमल्या. दारावर चिठ्ठी होती, ‘लसीकरण बाजारात’. आया बाजारात निघाल्या. त्यांची रांग पाहून काहीतरी स्वस्त मिळतंय असं बाजाराला वाटलं, आणि निम्मा बाजार रांगेला लागला.

“कितीला दिला हो?” एका गृहस्थानं फ्रिज थोपटत विचारलं.

“फुकट,” सिस्टर म्हणाल्या. “पण आधी घरातलं बाळ आणायचं.”

गृहस्थ खरंच गेला आणि नातीला घेऊन आला. तिची एकही लस झालेली नव्हती, केंद्र लांब पडतं म्हणून. त्याच्यामागून भाजीवालीची सून आली, शिंप्याची मुलगी आली. बाळं रडत होती, गिरणी घरघरत होती आणि नियमभाऊ फ्रिजशेजारी उभं राहून नावं लिहून घेत होते. प्रत्येक आई आधी चित्राकडे, मग त्यांच्याकडे पाहायची आणि पोराला म्हणायची, “ते बघ, काकांनी लस घेतली म्हणून केवढे मोठे झाले.”

संध्याकाळी शीतपेटी रिकामी झाली. डॉक्टरीणबाई गिरणीच्या पायरीवर बसल्या. “इतकी मुलं आपल्याकडे कधी आली नव्हती,” त्या हळूच म्हणाल्या. सिस्टरनी दिराच्या कपाळावरचं पीठ पुसलं.

नवं वर्ष लागलं आणि वरून मंजुरीचं पत्र आलं. नियमभाऊंनी ते उभं राहून वाचून दाखवलं. प्रसिद्धीचं काम उल्लेखनीय झाल्यामुळे त्या खात्यातली रक्कम दुप्पट केली होती. दुरुस्तीपुढे मात्र शून्य होतं. छप्पर आता झालेलं आहे, आणि फ्रिजसारखी महागडी वस्तू असूनही गेल्या वर्षी तिच्या दुरुस्तीवर काहीच खर्च दिसला नाही, तेव्हा केंद्राला दुरुस्तीची गरज नाही, असं कारण दिलं होतं.

खोलीत शांतता पसरली. ती जरा जास्तच वाटली, म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं. लसीच्या बाकावरचा पंखा थांबला होता. खाली गुरुवारच्या आया बाळांना कागदानं वारा घालत बसल्या होत्या.

नियमभाऊ पंख्याच्या तीन पात्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि पेंटरला फोन लावला.

पेंटर आला, मान वर करून उभा राहिला. “लिहितो हो, साहेब. पण फिरायला लागल्यावर वाचणार कोण?”

“वाचलंच पाहिजे असं नियमात कुठंही नाही,” नियमभाऊ म्हणाले, आणि चित्र नीट यावं म्हणून खुर्ची ओढून उजेडात बसले.