चौकडीची चटई

"ही मातीत मिळते," सून म्हणाली.

"बाई गं, मातीत तर आपण सगळेच मिळतो," जिजी म्हणाल्या. "टिकते किती, ते सांग."

सून मोबाईलवर योगासनांच्या चटईचं चित्र दाखवत होती. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती रोज सकाळी योगाचा वर्ग घ्यायची. वर्गातल्या जुन्या प्लास्टिकच्या चटयांचे आता तुकडे पडायला लागले होते. शवासनात डोळे मिटून पडलेली माणसं उठली की त्यांच्या पाठीला निळी जांभळी टरफलं चिकटलेली असायची. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आता प्लास्टिक नको. पर्यावरणाला त्रास न देणारी चटई घ्यायची. तागाची, बुचाची, कसलीही.

पण हे बाकीच्या गावानंही ठरवलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, माल येतो आणि गाडीतून उतरायच्या आत संपतो. नाव लिहून ठेवतो, आला की कळवतो." त्याला बरेच दिवस झाले. तोवर वर्गातली माणसं उभ्यानं करता येतील तेवढीच आसनं करत होती.

"एवढ्यासाठी अडून बसलात?" जिजी म्हणाल्या. "अगं, जुन्या कपड्यांच्या वेण्या घालून मी किती बसकरं केली असतील! तेच जरा लांबवायचं. माणसाच्या मापाचं."

त्यांनी एक जुनी चादर आणि दोन विटके पडदे फाडले, पट्ट्यांच्या लांबच लांब वेण्या घातल्या, शेजारी शेजारी ठेवून दाभणानं शिवल्या आणि चटई सुनेच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी वर्ग संपला तेव्हा आसनांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्या बायका त्या चटईभोवती बसून तिला हात लावून बघत होत्या.

मग काय, जिजींच्या दाराशी गाठोडी येऊन पडायला लागली. कोणाच्या मुलीचे शाळेतले फ्रॉक, कोणाच्या आईची दुलई. गाठोडं सोडलं की जिजींना ते घर दिसायचं. वेणी घालता घालता त्या स्वतःशीच बोलायच्या, "ही धाकटी फार रडकी होती. या फ्रॉकाचा घेर चावून चावून ओला करायची." यजमान गेल्यापासून जिजींच्या हातांना असं काम मिळालं नव्हतं. सकाळी उठताना गुडघे कुरकुरायचे, पण हात आधीच उठून बसलेले असायचे.

यजमानांची पेटी मात्र त्यांनी उघडली नव्हती. त्या पेटीत एकच कपडा होता. निळ्या चौकडीचा शर्ट.

या शर्टाला जोडीदार होता. समोरच्या दारात राहणारे भाऊजी आणि जिजींचे यजमान एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर नकाशे काढायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत दोघं बाजारात गेले. कापडाच्या दुकानात एका ताग्याचा शेवटचा तुकडा उरला होता. निम्मा घेतला तर दर जास्त, सगळा घेतला तर कमी. दोघांनी सगळा घेतला. शिंप्यानं दोन शर्ट शिवले आणि एकाच दिवशी दोघं ते घालून कचेरीत हजर झाले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "गणवेश कधीपासून सुरू झाला?"

दुसरा कोणी असता तर त्यानं शर्ट कपाटात टाकला असता. या दोघांनी त्या दिवसापासून दर शनिवारी तो ठरवून घालायला सुरुवात केली. लोक हसले, तसे हे आणखी ताठ चालायला लागले. नोकरी संपली, पण शनिवार चालूच राहिला. दोन चौकडीचे शर्ट खाली जाऊन वर्तमानपत्र घ्यायचे आणि कोपऱ्यावर उभे राहून जगाला नावं ठेवायचे. इमारतीतल्या मुलांनी भाऊजींचं नावच चौकडीकाका ठेवलं.

यजमान गेले आणि जोडी फुटली. चौकडीकाका मात्र दर शनिवारी तोच शर्ट घालून एकटे खाली जायचे. जिजी खिडकीतून बघायच्या. तेवढ्या वेळात आठवडा उजाडायचा आणि मावळायचाही.

आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी जिजींनी दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक गाठोडं. सोडलं, तर वरच निळ्या चौकडीचा शर्ट. कॉलर दोनदा उलटवलेली, कोपर विरलेलं, खिशाजवळ काळ्या शाईचा जुना थेंब. खाली गुडघ्यांवर जाळी झालेली एक पँट. कोणालाही त्या चिंध्याच वाटल्या असत्या.

जिजी बराच वेळ तो शर्ट मांडीवर घेऊन बसल्या. 'टाकला शेवटी भाऊजींनी,' त्यांच्या मनात आलं. 'माणूस तरी किती जपणार?' समोर जाऊन विचारावं असं एकदा वाटलं. पण विचारलं तर त्यांना ओशाळं वाटेल, आणि आपल्याला रडू येईल. त्यापेक्षा कात्री बरी. त्यांनी पट्ट्या कापल्या, शाईचा थेंब जपून वर ठेवला आणि चौकडीची वेणी चटईच्या उशाकडच्या बाजूला शिवली. मानानं.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात आरडाओरडा झाला.

"अहो, गाठोडं दारात ठेवलं होतं मी! माझ्या हातांनी!" चौकडीकाका इस्त्रीवाल्याला म्हणत होते.

"काका, मी आलो तेव्हा दारात काहीच नव्हतं. आईशपथ!"

"पँट गेली खड्ड्यात. माझा शर्ट कुठंय? उद्या शनिवार आहे!"

"एका शर्टासाठी किती तो तमाशा," काकांची बायको, जिजींच्या शेजारीणबाई, छताकडे बघत म्हणाल्या. "मिळेल. नाहीतर नवा घ्या."

"नवा? नवा शर्ट मला ओळखतो का?"

दाराआड उभ्या असलेल्या जिजींच्या हातातलं दाभण खाली पडलं. भाऊजींनी शर्ट टाकला नव्हता. गाठोडं इस्त्रीचं होतं आणि चुकून आपल्या उंबऱ्यावर आलं होतं. आणि आपण त्याची वेणी घातली!

"उद्यापासून तुझं काम बंद!" बाहेर काका ओरडले. "शर्ट आणलास तरच या जिन्यात पाय ठेव!"

आता मात्र जिजींना राहवेना. एका गरिबाचं काम जाणार, आणि तेही आपल्या कात्रीपायी! खरं सांगावं, तर ज्या माणसानं मित्राची आठवण इतकी वर्षं अंगावर वागवली, त्याला काय म्हणून सांगावं? की तुमचा शर्ट आता पायाखाली घ्यायचा आहे? त्यांनी पेटी उघडली. यजमानांचा शर्ट काढला, एकदा तोंडावर धरला आणि मागच्या जिन्यानं खाली जाऊन इस्त्रीवाल्याला गाठलं.

"कडक इस्त्री कर आणि सकाळी नेऊन दे. दुसऱ्याच्या कपड्यांत गेला होता म्हणून सांग. माझं नाव काढू नकोस."

"पण जिजी, हा तर..."

"तुला काम हवंय की नकोय?"

शनिवारी सकाळी चौकडीकाकांनी शर्ट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. खांदे कोपरांपाशी उतरले होते, बाह्यांत बोटं बुडाली होती आणि पोटापाशी आणखी एक माणूस सहज मावला असता. जिजींचे यजमान अंगानं भरलेले होते, हे गडबडीत जिजींच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं, मी वाळलो!" काका हादरून म्हणाले.

शेजारीणबाई बाहेर आल्या. शर्टाकडे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. समोरच्या दारातून डोकावणाऱ्या जिजींना वाटलं, बिचारीला नवऱ्याच्या प्रकृतीची केवढी ही काळजी!

"वजन करून बघा," जिजींनी हळूच सुचवलं.

वजन होतं तेवढंच निघालं. पण काका ऐकेनात. "काटा खोटं बोलेल, वहिनी, शर्ट नाही बोलणार. तो मला तरुणपणापासून ओळखतो."

काकांनी अंथरूण धरलं. शेजारीणबाई त्यांना तासातासाला दूध पाजायला लागल्या. मुलाला फोन गेला. तो सगळी कामं टाकून आला आणि वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती, पोट, जीभ, डोळे सगळं बघितलं.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग हा शर्ट असा का?"

"शर्ट मी तपासत नाही," डॉक्टर म्हणाले. "भूक लागत नसेल तर सकाळी योगासनं करा."

अशा रीतीनं पुढच्या शनिवारी चौकडीकाका सुनेच्या वर्गात दाखल झाले. अर्थातच चौकडीचा शर्ट घालून, बाह्या चार वेळा दुमडून.

ती चटई जिजींनी हॉलमधल्या कपाटामागे, भिंतीला टेकवून लपवली होती. पण सून कामाची. सगळ्या चटया वाटून झाल्या, काका उभेच राहिले, तशी तिनं कपाटामागे हात घातला आणि ती बाहेर ओढली.

"अगं, ती नको!" जिजी दारातून ओरडल्या. "ती... ती अजून ओली आहे!"

"छान कोरडी आहे की हो, आई."

पाठीवरची आसनं चालली तोवर जिजी जीव मुठीत धरून बसल्या होत्या. मग सून म्हणाली, "आता पालथे व्हा. कपाळ हातांवर. मकरासन. डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. काकांना सूचना पाळण्याआधी बघून घ्यायची सवय होती. हॉलमध्ये शांतता पसरली. पंखा तेवढा टकटक करत होता.

"सूनबाई," काकांचा आवाज आला, "एक शंका आहे. मी शर्ट घातलाय, की शर्टावर झोपलोय?"

"काका, बोलायचं नाही."

"नाही, म्हणजे... हा शाईचा थेंब माझा आहे. साहेबांनी नकाशा परत केला त्या दिवशीचा." ते उठून बसले. चटईवरचा डाग बोटानं चाचपला. मग अंगातल्या शर्टाचा खिसा बघितला. तिथं डाग नव्हता. त्यांनी खिशात बोट घातलं. तळाशी बारीक रफू केलेलं होतं.

जिजींच्या यजमानांना खिशात कर्कटक ठेवायची खोड होती. त्याच्या टोकानं प्रत्येक खिशाला भोक पडायचं आणि जिजी दर रविवारी ते बुजवायच्या.

काकांनी मान वर केली. "वहिनी, हे रफू तुमच्या हातचं आहे."

आता सगळा वर्ग उठून बसला होता. जिजींनी गाठोड्यापासून पेटीपर्यंत सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"म्हणजे मी वाळलो नाही?" काकांनी विचारलं.

"नाही हो, भाऊजी."

"म्हणजे आठवडाभर मी फुकट दूध प्यायलो?" काका शर्टाच्या ढगळ पोटाकडे बघत राहिले. "तरीच! लबाड कुठला. रोज माझ्या डब्यातला निम्मा खाऊन वर म्हणायचा, आज भूकच नाही रे." ते हसायला लागले, ते हसतच राहिले, आणि मग त्यांनी दुमडलेली एक बाही उलगडून तिनं डोळे पुसले. बाही लांब होती, म्हणून बरं.

"धुऊन, इस्त्री करून आणून देतो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुमच्याकडे तेवढाच होता."

जिजींनी मान हलवली. "राहू दे अंगावर. पेटीत त्याला सगळे वार सारखेच होते."

दुकानदाराचा फोन त्याच दुपारी आला. ताई, माल आलाय, लवकर या, संपत चाललाय. सून म्हणाली, "भाऊ, आता नको. आमच्याकडे घरचीच आहे."

संध्याकाळी जिजी दिवा लावायला जिन्यात आल्या, तर शेजारीणबाई पायरीवर बसल्या होत्या. दार लोटून घेतलेलं.

"जिजी, रागावणार नसाल तर एक सांगते," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "ते गाठोडं चुकून नाही आलं तुमच्याकडे. मीच पायानं सरकवलं होतं."

"तू?"

"मग काय करू! त्या शर्टाला ठिगळं लावून लावून माझी बोटं झिजली. म्हटलं, जिजींच्या हाती एकदा लागला की सुटले. शनिवारी तोच शर्ट इस्त्री होऊन दारात! माझी तर बोबडीच वळली. वाटलं, पाप फेडायला आलाय." त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली. आतून वर्तमानपत्र चाळल्याचा आवाज येत होता. "बघा जरा. खुर्ची रिकामी आणि हे वर्गातून उचलून आणलेल्या त्या चटईवर. पेपर तिथं, चहा तिथं, दुपारची झोपही तिथंच. एक शर्ट घराबाहेर काढायला निघाले होते मी. आता दोन झाले. एक अंगावर, एक अंगाखाली."

जिजींनी पदर तोंडाला लावला.

"हसू नका हो. मला एवढंच सांगा," शेजारीणबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "ती चटई मातीत मिळते ना? किती वर्षं लागतील?"

जिजींनी दिव्याचं बटण दाबलं.

"काय सांगू गं तुला," त्या म्हणाल्या. "दुहेरी दोऱ्यानं शिवलीय मी."