हसुरामदादूसची लंका

सीवूड्सच्या मॉलमध्ये तळघरातल्या पार्किंगला हसुरामदादूस एकदा बराच वेळ गरागरा फिरत होते. शेवटी काच खाली करून त्यांनी वॉचमनला विचारलं, "भाऊ, खाडी कुटल्या अंगाला हाय?"

दादूस खाडीकाठच्या सारसोळे गावचे. बापजाद्यांची होडी होती. आता तीन मजली घर आहे आणि वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. जमिनीवर त्यांना दिशा म्हणून कळत नाही. पाणी दिसलं की सगळं कळतं. त्यामुळे "मी बायकोला घेऊन सोता गाडी चालवत श्रीलंका फिरनार" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांचं गणित तयार होतं. "बेट हाय ना? समुद्र डाव्या हाताला ठेवायचा नि जात राहायचा. चुकनार कसा मानूस?"

"आणि मधले डोंगर?"

"ते लांबनं बगायचे."

त्यांचा मुलगा निलेश हैराण झाला. "बाबा, ड्रायव्हरसकट गाडी मिळते. नाहीतर टूरची बस आहे, जेवायला वरणभातसुद्धा देतात!" दादूसचं सगळ्याला एकच उत्तर: "टेन्शन तुजा, स्टेरिंग माजा."

दर रविवारी पाम बीच रोडवर सराव सुरू झाला. शेजारी मी, हातात मोबाइलचा नकाशा. त्यातली बाई 'उजवीकडे वळा' म्हणाली की दादूस फिस्कारत, "ही बाय कदी होडीत बसली हाय का?" आणि सरळ जात.

शेवटी निलेशने मला गळ घातली, "काका, तुम्हीच समजवा." एका रविवारी मी विषय काढला. "दादूस, निदान वहिनींचा तरी विचार करा. बसमध्ये त्यांना आराम मिळेल."

त्यांनी गाडी कडेला घेतली. आवाज एकदम खाली आला.

"तिचाच करतो. ऑपरेशन झाल्यापासून तिला घडी-घडी जावा लागतं. गावची बस एकविरेला गेली, तवा हिनं लाजंनं कुनाला सांगितला नाय. दात दाबून बसून राहिली. तवापासून कुटं येत नाय. आलीच तर सकालपासून पान्याचा थेंब घेत नाय. परक्या ड्रायव्हरला ती सांगल का, थांब म्हनून? मला सांगल."

निलेशला मी कारण सांगितलं नाही. "जाऊ दे त्यांना," एवढंच म्हणालो.

ते गेले आणि इकडे माझा जीव टांगणीला. पण एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि दोघं उतरली. धडधाकट, उन्हाने रापलेली. दादूस तिथेच गल्लीत सुरू झाले: हत्ती कसा आडवा आला, पोलिसाने कसा सलाम ठोकला. मी मोठ्ठा श्वास सोडला.

यमुनावहिनी बॅग घेऊन मागे उभ्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय पाहिलंत?"

त्या जराशा लाजल्या.

"तिकडं रस्त्याला केसरी शहाली मिलतात," त्या म्हणाल्या. "मी रोज दोन-दोन पिली. पार तलापर्यंत."