हमीदाआपा आवरायला आल्या

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की हमीदाआपा आधी खाली वाकतात, समोर पडलेली वस्तू उचलतात आणि विचारतात, "ह्याचं घर कुठं हाय?" मग ती कात्री असो, टीव्हीचा रिमोट असो नाहीतर एकटाच राहिलेला पायमोजा. बाजारात चुकलेलं पोर सापडावं तशी ती वस्तू त्या हातात धरून उभ्या राहतात. तिचं घर सांगितल्याशिवाय खुर्चीवर टेकत नाहीत, चहालाही हात लावत नाहीत.

आपा श्रीरामपुरात आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. माहेर काष्टीचं. सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नोकरी सुटली, पण वॉर्डातून राउंड मारायची सवय काही सुटली नाही. दूध आणायला निघाल्या की गल्लीतल्या सायकली एका रेषेत लावत जातात. एका साखरपुड्यात तर त्यांनी मांडवाबाहेरच्या सगळ्या चपला मापाप्रमाणे लावल्या. लहान आधी, मोठ्या शेवटी. नवऱ्या मुलाचे मामा भडकले, "आमचा जोड सगळ्यांच्या मागं कुणी टाकला?"

"तुमचा पाय मोठा हाय, त्याला मी काय करू?" आपा म्हणाल्या. सोयरीक थोडक्यात वाचली.

अशा या आपांपासून मी आमची मागची खोली जिवापाड लपवून ठेवली होती. दार कायम बंद. पण कर्जतला सासूबाई अंगणात घसरून पडल्या, पायाचं हाड मोडलं. त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं आणि ती खोली दोन दिवसांत रिकामी करणं भाग पडलं. मी हात जोडून आपांकडे गेले.

"अगं सुजाता, आधी सांगायचं न्हाई व्हय!" त्यांचा चेहरा ईदचा चंद्र दिसावा तसा उजळला. पदर खोचूनच त्या बाहेर पडल्या.

दार उघडलं आणि वरून एक रिकामं खोकं त्यांच्या पायाशी पडलं. आपा हरखल्या. "लई भारी हाय गं!" म्हणाल्या. मग अंगणात तीन जुन्या चादरी अंथरल्या. एक ठेवायच्या सामानाची, एक द्यायच्या, एक भंगाराची. आणि लढाई सुरू झाली.

लढाई म्हणजे माझ्या नवऱ्याशी. राजेंद्र काही टाकू देत नाही. पत्रा सडलेला कूलर त्याने दोन्ही हातांनी कवटाळला. "आपा, याची मोटर चांगली आहे!"

"मोटर चांगली हाय, मंग कूलर कुठं हाय?"

कूलर तिसऱ्या चादरीवर गेला. मागोमाग गाठ मारलेल्या वायरी, बंद पडलेली तीन घड्याळं, पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या. लग्नात आलेले, वेष्टणही न काढलेले डिनर सेट दुसऱ्या चादरीवर गेले. शेजारपाजारचे लोक जमले. पाणी प्यायला आलेला माणूस खोकं उचलूनच परत जायचा. मिक्सरचं झाकण सापडलं तेव्हा मी ओरडले. ट्रंकेखाली माझं हरवलेलं कानातलं सापडलं तेव्हा सगळी गल्लीच ओरडली.

दुपारी भिंतीला टेकलेलं मोडकं कपाट हललं आणि मागून उजेड आला.

"खिडकी!" राजेंद्र किंचाळला. "अरे, इथं खिडकी आहे!"

घर घेतल्यापासून आम्ही तिला विसरूनच गेलो होतो. आपांनी कडी हाणून हाणून ती उघडली. बाहेर कडुनिंब होता. वारा थेट आत शिरला आणि राजेंद्र स्वतःच धावत जाऊन टेम्पोवाल्याला बोलावून आला. "आपा, तो कूलर नेऊ द्या त्याला!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांची खाट आपांनी खिडकीशी लावली, पायाखाली उशी दिली. औषधं, पाण्याचा तांब्या, काठी सगळं त्यांच्या हाताच्या अंतरावर. सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुमी माझ्या लेकीवानी केलं." आपांनी नुसती चादर ताणली. मग आमच्या जुळ्या मुलींकडे वळल्या. "ह्या दोघींची इथं लुडबुड नको. माझ्याकडं नेते."

संध्याकाळी मी मुलींना आणायला गेले. आपांचं घर मी ओळखते. तिथं गादीवर सुरकुती दिसत नाही. दार लोटलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. उशा फरशीवर, डबे उपडे, चुरमुरे सगळीकडे. ओढण्यांचा तंबू कपाटाला बांधलेला. त्या तंबूखाली हमीदाआपा पेशंट होऊन आडव्या. डोक्याला पट्टी, हाताला पट्टी, कपाळावर कुंकवासारखं काहीतरी. माझ्या मुली त्यांना चमच्याने इंजेक्शन देत होत्या.

"अगं बाई, काय हा पसारा!" मी घाईने उशा गोळा करू लागले.

आपांनी पट्टीच्या हाताने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे."

"आपा, तुम्हाला झोप नाही लागायची."

"लागंल." त्यांनी मुलींकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आला. "माझ्या घरात कोन पसारा करतंय, सुजाता? सकाळी उठल्यावर जरा दिसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. आपांचं दार उघडंच होतं. उशी अजून खोलीच्या मधोमध पडलेली होती, आणि आपा हातात चहाचा कप घेऊन तिला वळसा घालून चालल्या होत्या, तिला पाय लागू नये म्हणून सावकाश.