डोमाजी मास्तरांची अमेरिका

डोमाजी मास्तरांना आजची अमेरिका मान्य नाही. गोरे लोक तिथं नीट बस्तान मांडून बसले, की मास्तरांचा इतिहास संपतो. पुढचं कोणी विचारलं तर म्हणतात, "ते कालचे पोट्टे. मोठे होऊ दे, मंग सांगू."

त्याआधीचं मात्र काहीही विचारा. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात, माझ्या सुक्या मासळीच्या दुकानाला खेटून, हे निवृत्त इतिहासमास्तर पोतं अंथरून बसतात. मागं पाटी : 'जुन्या अमेरिकेविषयी विचारा.' शाळेतली पोरं-पोरी घोळक्यानं येतात. प्रश्न आला की मास्तर म्हणणार, "थांब, जाग्यावर दावतो," आणि हाताला लागेल ते उचलणार. एकदा माझ्या झिंग्यांचं त्यांनी तिथल्या जुन्या लोकांचं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ रचलं. इतकं हुबेहूब, की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मासळी मात्र कोणी घेतली नाही.

आवाज असा, की चामोर्शीतले बैल कान टवकारतात. विचारणारी पोरगी हातभर अंतरावर, आणि मास्तर तोंड करून ओरडणार समोरच्या सुनंदाबाईच्या मिरचीच्या दुकानाकडे.

"मास्तर, पोरगी इथी बसली आहे. तिकडं काऊन वरडता?"

"वारा तिकडून आहे," म्हणायचे. पान हलत नसलं तरी.

मागच्या थंडीत नागपूरकडचे एक प्राध्यापक बाजार बघायला आले. पाटी वाचून गालातल्या गालात हसले. गाल खर्ऱ्यानं भरलेला, त्यामुळं हसू जरा उशिरा बाहेर आलं.

"गुरुजी, या जंगलातल्या बाजाराचा आणि अमेरिकेचा संबंध काय? दाखवा, नाहीतर पाटी उतरवा."

मास्तरांनी एकदा मिरचीच्या दुकानाकडं पाहिलं. "थांबा, जाग्यावर दावतो. नाई जमलं तं पाटी तुमची."

मग उभं राहून साऱ्या बाजाराला हाक दिली, "मिरचीवर कापड टाका. बटाटे झाका. टमाटर, मका, भुईमूग, सीताफळ, पेरू, लाल भोपळा, समदं झाका. हे समदं जुन्या अमेरिकेतल्या लोकायनं पिकवलं. तिथून जगात गेलं."

बाजार मास्तरांच्याच हाताखालून गेलेला. पटापट पोती, धोतरं, लुगडी पडली. दोन मिनिटांत अर्धा बाजार झाकला गेला; गिऱ्हाइकांना वाटलं, कोणी मंत्री वारला. उघडे राहिले तांदूळ, वांगी, कांदे, मोहफुलं आणि मी.

मास्तर प्राध्यापकांकडे वळले. "आता तोंडातला तंबाखू थुंका, साहेब. तोबी तिथलाच. सुपारी राहू द्या."

पोरांनी जो गलका केला, त्यानं झाडावरची माकडं पार सिरोंच्याला पोचली म्हणतात. साहेबांनी खरंच थुंकून हात जोडले. पाटी राहिली.

तेवढ्यात सुनंदाबाई उठल्या आणि घोळक्यातून पुढं आल्या. "मास्तर, सातवीत मी एक इचारलं होतं जी."

मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच मला शेजारी असून जेमतेम ऐकू आला. "हो. गोरे आले तवा तिथले लोक कुठी गेले. मी म्हणलो, परीक्षेत येत नाई, बस खाली. मलेच येत नव्हतं, बाई. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेतच आली नाई."

"घरी काम होतं जी."

मास्तरांनी पोतं झटकून त्यांच्यासाठी नीट अंथरलं. स्वतः उभे राहिले.

"बस. लय मारले गेले, लय रोगानं गेले. जमिनी गेल्या, जंगल गेलं. पण ते कुठी गेले नाईत. आहेत. अजून मका पेरतात."

सुनंदाबाई पोत्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "आणखी एक इचारू काय?"

"इचार," मास्तर म्हणाले. बाई हातभर अंतरावर होत्या. आवाज चामोर्शीपर्यंत गेला.